इंदूरची सिटी बस: दोन गाड्यांमधलं अंतर कसं राखतात, कुठे मोडतं? (अनुभव धागा)

राजेंद्रनगरकर (धागा सुरू करताना)

इंदुरात सिटी बसचा विषय निघाला की दोन तक्रारी ठरलेल्या. एक, बस येतच नाही. दोन, आल्या की लागोपाठ तीन येतात. दोन्ही खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच: दोन गाड्यांमधलं अंतर मोडतं. नव्या गाड्या किती आल्या याच्या बातम्या होतात. ते अंतर राखायला डेपोत, कंट्रोल रूममध्ये, गॅसपंपावर आणि थांब्यावर काय काय करावं लागतं, ते मात्र कुणी लिहीत नाही. आपल्या मंडळींत हे काम आतून जाणणारे पुष्कळ आहेत, त्यांना आग्रहाचं निमंत्रण. विनंती एकच: स्वतःच्या आठवणी नकोत. काम कसं चालतं, कुठे बिघडतं आणि का, ते आकड्यांसह लिहा.

नव्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. राज्य परिवहन निगम गुंडाळलं गेलं त्याच सुमारास, डिसेंबर 2005 मध्ये, महापालिका आणि विकास प्राधिकरणाने निम्म्या-निम्म्या वाट्याने सिटी बसची कंपनी काढली आणि जानेवारी 2006 मध्ये गाड्या रस्त्यावर आल्या. आजची अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस ती हीच. गाड्या खासगी ऑपरेटरच्या, मार्ग आणि देखरेख कंपनीची, अशी ती मांडणी होती. मे 2013 मध्ये एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा अशी वेगळ्या लेनमधली आयबस सुरू झाली: साधारण साडेअकरा किलोमीटर, 21 स्थानकं. फेब्रुवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने परवानगी दिल्यावर ती लेन काढायचं काम सुरू झालं. 31 मे 2025 ला गांधीनगरकडून सुपर कॉरिडॉरवर मेट्रोची पहिली 5 स्थानकं उघडली.

शेड्यूलवाला

लेनपासूनच सुरुवात करतो, कारण लेन गेल्याने नेमकं काय गेलं हे भावनेपेक्षा हिशेबात जास्त स्पष्ट दिसतं.

एका मार्गावर गाड्या किती लागतात? एका टोकाहून निघून पुन्हा त्याच टोकाहून निघायला तयार होईपर्यंतचा वेळ घ्या आणि दोन गाड्यांमध्ये हव्या असलेल्या अंतराने भागा. आयबसचा मार्ग साडेअकरा किलोमीटर धरू. थांबे धरून सरासरी वेग ताशी 18 किलोमीटर मिळाला, तर एका बाजूला 38 मिनिटं. जाऊन-येऊन 76, दोन्ही टोकांना 7-7 मिनिटं, पूर्ण चक्कर 90 मिनिटांची. दर 5 मिनिटांनी बस हवी तर 18 गाड्या. आता तीच बस सगळ्या वाहतुकीत मिसळली आणि सरासरी 14 वर आली, तर एक बाजू 49 मिनिटांची, चक्कर 112 मिनिटांच्या वर आणि गाड्या लागतात 23. एकही जास्तीची फेरी न देता 5 गाड्या वाढल्या. दोन पाळ्यांचे चालक-वाहक आणि सुट्टीचे बदली धरले तर गाडीमागे साधारण अडीच जोड्या, म्हणजे आणखी 25 माणसं.

ती मिळाली नाहीत तर? 18 गाड्यांत अंतर सव्वासहा मिनिटांवर जातं. कागदावर हे फार वाटत नाही. खरा तोटा वेगळाच असतो. वेगळ्या लेनमध्ये प्रत्येक फेरीला लागणारा वेळ जवळजवळ सारखा पडतो. मिसळलेल्या वाहतुकीत एक फेरी 42 मिनिटांत होते, दुसरी 60 मिनिटांत. सरासरी कितीही सुधारली तरी हा फरक जात नाही, आणि प्रवाशाला त्रास फरकाचाच होतो. दर 10 मिनिटांच्या सेवेत गाड्या जोडीने यायला लागल्या की गाड्या तेवढ्याच राहतात, पण खरं अंतर 20 मिनिटांचं होतं आणि सरासरी थांबणं 5 वरून 10 मिनिटांवर जातं.

म्हणून टोकावरची ती 7 मिनिटं फार मोलाची. शेड्यूल तपासताना "गाडी उभी का ठेवता, त्यात आणखी एक फेरी बसवा" असा आग्रह हमखास होतो. बसवू नये. ती मिनिटं उशीर गिळण्यासाठी असतात. ती काढली की सकाळी साडेनऊला गीता भवनला झालेला 6 मिनिटांचा उशीर दुपारी दोनपर्यंत प्रत्येक फेरीत तसाच पुढे सरकत राहतो, आणि चालकाला लघवीलाही वेळ उरत नाही.

भंवरकुआं_ते_पलासिया

शेड्यूलवाले साहेब, गाड्या जोडीने का येतात ते सोपं करून सांगाल का? चालक मुद्दाम एकमेकांच्या मागे राहतात असा सगळ्यांचा समज आहे.

कंट्रोल_डेस्क

हे मी सांगते. मुद्दाम करायची गरजच नसते, ते आपोआप होतं.

पुढची बस कोचिंगच्या गर्दीने भंवरकुआंला 2 मिनिटं रखडली. पुढच्या थांब्यावर 2 मिनिटांचे जास्तीचे प्रवासी जमले. एका दारातून चढताना माणशी 2 ते 3 सेकंद लागतात. हातात बॅग असेल, दारातच तिकीट काढायचं असेल तर 5 सेकंद. म्हणजे 12 जण वाढले की अर्धं ते पूर्ण मिनिट आणखी गेलं. मागच्या बसला नेमके तेवढेच प्रवासी कमी मिळतात, म्हणून ती लवकर सुटते. नवलख्यापर्यंत मागची पुढचीला गाठते. पुढची खच्चून भरलेली, मागची अर्धी रिकामी.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही माणसाने लक्ष घालूनच करावे लागतात.

पहिला, मागच्या गाडीला रोखणं. घड्याळाकडे न बघता पुढच्या गाडीशी किती अंतर आहे ते बघून 1 ते 2 मिनिटं थांबवायचं. कुठे थांबवायचं हे महत्त्वाचं. जिथे गाडीत माणसं कमी असतात आणि मागे रांग लागणार नाही, तिथे. पलासियाला रोखलं तर आतली साठ माणसं तुमच्यावर चिडतात आणि चौराहा तुंबतो. एकदम 4-5 मिनिटं रोखायची वेळ आली तर समजा की निर्णय उशिरा घेतलात.

दुसरा, मागच्या गाडीला पुढे काढणं. पुढचीने फक्त प्रवासी उतरवायचे, चढणारे मागचीने घ्यायचे. हे वाहकाने दारातून मोठ्याने सांगावं लागतं, नाहीतर लोक पुढच्याच गाडीला लोंबकळतात.

तिसरा, अर्ध्या वाटेतून वळवणं. परतीच्या दिशेला मोठं भगदाड पडलं असेल तेव्हाच. आतल्या प्रवाशांना किमान दोन थांबे आधी सांगायचं आणि मागच्या गाडीत त्याच तिकिटावर घ्यायला तिथल्या वाहकाला फोन करायचा. हा फोन राहिला की दोन गाड्यांत मिळून भांडण होतं.

मोबाइलवर दिसणाऱ्या बसबद्दल एक गोष्ट सर्वांनी लक्षात ठेवा. नकाशावर गाडी डेपोत उभी दिसते आणि तीच गाडी समोरून निघून जाते, याचं नेहमीचं कारण गाड्यांची अदलाबदल. सकाळी ठरलेली गाडी बिघडली, तिच्या जागी स्पेअर गाडी निघाली, पण सिस्टीममध्ये शेड्यूल जुन्याच गाडीच्या नावावर राहिलं. बदली झाल्यापासून 5 मिनिटांत ती नोंद बदलली पाहिजे. दुसरं कारण, रात्री मेन स्विच बंद केल्यावर गाडीतल्या जीपीएस यंत्राची वीज जाते आणि सकाळी ते उपग्रह पकडायला काही मिनिटं घेतं. म्हणून पहिल्या फेरीची गाडी पहिल्या दोन-तीन थांब्यांपर्यंत नकाशावर दिसत नाही. पहिली बस पकडणाऱ्याने नकाशावर न जाता वेळेवर जावं.

पिटवाला (गाडीखालचं काम)

अंतर मोडण्याची सुरुवात बहुतेक वेळा पहाटे डेपोतच होते. 5:40 ला सुटायची गाडी 5:55 ला सुटली की पुढे कंट्रोल रूमने काहीही केलं तरी पहिला तास गेला. पहाटे उशीर होण्याची कारणं ठरलेली असतात: हवा, गॅस, दार, टायर. याच क्रमाने.

हवा. या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या गाडीचा दाब उतरतो, इंजिन चालू करून तो 7-8 बारपर्यंत चढवावा लागतो. निरोगी गाडीला 4 ते 6 मिनिटं. दहा मिनिटं लागत असतील तर कुठेतरी गळती आहे किंवा कॉम्प्रेसर थकला आहे. हवा आधी ब्रेकच्या टाक्यांत जाते, तिथे पुरेसा दाब झाल्यावरच दारं आणि सस्पेन्शनकडे सोडली जाते. ही वाटणी करणारा व्हॉल्व्ह मुद्दाम तसा बनवलेला असतो, म्हणजे दाराच्या गळतीने ब्रेक जाऊ नयेत. म्हणून पहाटे "दार आळशी झालंय" अशी चालकाची तक्रार आली की दाराचा सिलेंडर उघडण्याआधी ब्रेकच्या बाजूची गळती शोधायची. तपासायची रीत: दाब पूर्ण भरा, इंजिन बंद करा, 5 मिनिटं काटा बघा. मग ब्रेक दाबून धरा आणि पुन्हा बघा. नुसतं उभं असताना उतरत असेल तर टाकी, पाइप किंवा जोड. ब्रेक दाबल्यावरच उतरत असेल तर चाकाजवळच्या चेंबरचा पडदा फाटलेला असतो.

टाकीच्या खाली एक कडी असते. ती ओढली की साचलेलं पाणी फुस्सकन बाहेर पडतं. हे रोज करायचं काम आहे आणि सगळ्यात जास्त चुकवलं जाणारंही हेच. जे बाहेर पडतं ते नीट बघा. नुसती हवा आली तर ड्रायर (हवेतली ओल काढणारा भाग) ठीक आहे. स्वच्छ पाणी आलं तर ड्रायरचा डबा भरला, बदला. दुधाळ तपकिरी चिकट पाणी आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. ते तेल पुढे व्हॉल्व्हच्या रबरांना फुगवतं आणि दोन-तीन महिन्यांत एकामागून एक व्हॉल्व्ह अडकायला लागतात. तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह वेगवेगळा बदलत बसण्यात पैसा जातो, मूळ दुखणं तसंच राहतं.

गॅस. सीएनजीचे सिलेंडर 200 बारचे. रात्री भरताना काटा 200 दाखवतो आणि सकाळी 175. चालक म्हणतो पंपाने कमी भरला, पंपवाला म्हणतो गाडी गळते. बहुतेक वेळा दोघंही चुकतात. घाईने भरताना गॅस तापतो, तापलेला गॅस कमी वजनातच 200 चा दाब गाठतो, आणि रात्री थंड झाला की दाब खाली येतो. मे महिन्यात हा फरक सगळ्यात मोठा. खरी गळती ओळखायची तर सकाळी 175 ला आलेला काटा दोन तासांनी पुन्हा बघा. तोवर गॅस थंड झालेला असतो, त्यामुळे त्यानंतर उतरला तरच गळती. मग ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन प्रत्येक जोडावर फेस लावायचा. मोठे फुगे येतील तर जोड सैल, बारीक दाणेदार फेस हळूहळू वाढत असेल तर आतली रिंग कापली गेली आहे. दाब असताना जोड आवळू नये. आधी व्हॉल्व्ह बंद, लाइन रिकामी, मग पाना.

सिलेंडरची तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाची चाचणी सक्तीची आहे. तारीख उलटली की पंपावर गॅस नाकारतात, आणि बरोबरच करतात. एकाच वेळी घेतलेल्या चाळीस गाड्यांची तारीख एकाच महिन्यात येते. सहा महिने आधीपासून आठवड्याला दोन गाड्या पाठवल्या नाहीत तर त्या महिन्यात अर्धा मार्ग बंद.

गॅसच्या इंजिनात डिझेलचं तेल टाकू नका. दिसायला सारखं, भावात थोडं स्वस्त, पण त्यातली राख व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसते, दाब गळतो आणि गाडी चढावर धक्के देते. धक्के देणारी गाडी आली की आधी स्पार्क प्लग आणि कॉइल, मग हवेचा फिल्टर. सध्या शहरात इतकं खोदकाम आहे की गाडी बनवणाऱ्याच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरपर्यंत फिल्टर टिकत नाही. किलोमीटर मोजू नका, फिल्टर काढून बघा.

टायरबद्दल एवढंच: मागच्या जोडचाकांतल्या आतल्या टायरची हवा कुणी मोजत नाही. तो बसला की बाहेरचा एकटा वजन उचलतो आणि दुपारच्या उन्हात फुटतो. नळी आतपर्यंत पोचत नसेल तर लांब नळी मागवा, हातोडीने वाजवून अंदाज घेऊ नका.

ओलं_सुकं

पिटवाल्यांनी गॅसचा विषय काढलाच आहे तर तो येतो कुठून तेही सांगायला हवं, कारण ही गोष्ट इंदूरची खास आहे आणि घराघरांशी जोडलेली आहे.

देवगुराडियाला 19 फेब्रुवारी 2022 ला गोबर-धन प्रकल्पाचं उद्घाटन झालं. क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची, त्यातून रोज 17,000 किलो बायो-सीएनजी आणि 100 टन खत. यातला किमान निम्मा गॅस महापालिकेने घ्यायचा आणि सिटी बस त्यावर चालवायच्या, उरलेला बाजारात, असं ठरलेलं.

ओला कचरा बंद टाकीत कुजवतात. त्या टाकीतून निघणारा कच्चा गॅस बसच्या कामाचा नसतो. त्यात मिथेन साधारण 55 ते 60 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन सल्फाइड आणि वाफ. सल्फाइड आणि ओल एकत्र आली की आम्ल होतं आणि पाइप, रेग्युलेटर खातं. म्हणून आधी सल्फाइड काढायचा, मग कार्बन डायऑक्साइड, मग ओल, आणि मिथेन 90 टक्क्यांच्या वर नेऊन दाबाखाली भरायचा. शुद्धीकरण ढिलं पडलं तर प्रवाशाला कळत नाही. चालकाला कळतं, कारण त्याच किलोत गाडी कमी चालते.

घरी काय करायचं? ओल्यात प्लॅस्टिक घालू नका, एवढंच, पण ते काटेकोर. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, भाजीच्या जुडीचा रबर, चहाच्या पुड्या. हे तुकडे टाकीत तरंगून साय धरतात, ढवळणाऱ्या पात्यांना गुंडाळतात, आणि ते काढायला टाकी थांबवावी लागते. त्यातल्या जिवाणूंना पुन्हा लयीत यायला काही आठवडे लागतात. लिंबाच्या साली, कांद्याची टरफलं चालतात, पण एकाच दिवशी एकाच प्रकारचा ढीग नको. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून तेलकट उरलेलं अन्न एकदम येतं, तेव्हा टाकी आंबट होते आणि गॅस उतरतो.

पंप_क्रमांक_दोन

वरच्याला जोड. साधारण 12 मीटरची एसी गाडी एका किलोत अडीच ते तीन किलोमीटर देते, बिनएसी सव्वातीन-साडेतीन. 200 किलोमीटरच्या शेड्यूलला (एका गाडीच्या दिवसभराच्या फेऱ्या) 60 ते 80 किलो. पंपाच्या साठ्यात दाब चांगला असेल तर 10-15 मिनिटांत भरते. पण रात्री साडेदहाला सगळ्या गाड्या एकदम आल्या की साठा ओसरतो, आणि दहाव्या गाडीला 150 बारवरच समाधान मानावं लागतं. तीच गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला पुन्हा पंपावर येते, म्हणजे नेमकी गर्दीच्या तोंडावर मार्गावरून गायब. उपाय पैशांचा नाही, शिस्तीचा आहे: लांब शेड्यूलच्या गाड्या आधी भरा, छोट्या मार्गांच्या मागून, आणि दोन गटांत तासाभराचं अंतर ठेवा.

वेबिल

वाहकाच्या बाजूने लिहितो. तिकिटाच्या मशीनने उशीर होतो यावर कुणाचा विश्वास बसत नाही, पण होतो.

मशीनमध्ये मार्ग स्टेजमध्ये, म्हणजे भाड्याच्या टप्प्यांत, कापलेला असतो. गाडी पुढच्या स्टेजला गेली की वाहकाने स्टेज पुढे सरकवायची. गर्दीत दोन स्टेज राहून गेल्या की तिकिटं मागच्या स्टेजपासून छापली जातात, भाडं जास्त पडतं, प्रवासी वाद घालतो. उलट घाईने आधीच सरकवली तर भाडं कमी पडतं आणि तपासणीत वाहकाच्या अंगावर येतं. म्हणून चांगला वाहक दार बंद झाल्याबरोबर, तिकीट मागायच्या आधी, स्टेज सरकवतो. फेरी संपल्यावर फेरी बंद करायची. ती उघडी राहिली की परतीची तिकिटं उलट दिशेची छापली जातात आणि रात्रीच्या हिशेबात तासभर जातो.

कागदाचा रोल उष्णतेवर छापणारा असतो. उन्हात बोनेटजवळ ठेवला की पूर्ण करडा पडतो, मग छापलेलं वाचता येत नाही. रोल पिशवीत आत ठेवा. बॅटरी जुनी झाली की मशीन छापताना बंद पडतं. पैसे घेतले, तिकीट नाही, ही सगळ्यात वाईट वेळ. चार्ज अर्ध्याच्या खाली असलेलं मशीन डेपोतून घेऊच नये.

सुट्टे. 10 रुपयांचं नाणं नाकारणारे प्रवासी अजून आहेत. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच स्पष्ट केलं आहे की 10 च्या नाण्याच्या सगळ्या, तेव्हा 14, नमुन्यांची नाणी चालतात. शांतपणे सांगावं, वाद घालू नये. क्यूआरने पैसे देणाऱ्यांसाठी: थांब्यावर उभे असतानाच अॅप उघडून ठेवा. चालत्या गाडीत पुलाखाली नेट जातं आणि तुमच्या मागची आठ माणसं अडकतात.

स्नेहलतागंज

राजवाड्याला गाडी सुटायची वेळ होऊनही दहा-दहा मिनिटं उभी असते, "सवारी भरू दे" म्हणतात. याला काही नियम आहे की नाही?

करारनामा

नियम करारात असतो, आणि ताई, तुम्ही पाहता ते वागणं करारातूनच येतं. दोन पद्धती असतात. पहिलीत भाड्याचे पैसे ऑपरेटरचे आणि तो कंपनीला ठरलेली रक्कम देतो. दुसरीत भाडं कंपनीचं आणि ऑपरेटरला धावलेल्या किलोमीटरमागे पैसे.

पहिलीत कंपनीच्या तिजोरीवर ओझं नसतं, म्हणून सुरुवातीला इंदूरला हीच जमली. पण तिथे प्रत्येक प्रवासी ऑपरेटरचा नफा असतो. म्हणून गाडी भरल्याशिवाय हलत नाही, पुढच्या गाडीचे प्रवासी उचलायला धावते, आणि रात्री नऊनंतर रिकाम्या मार्गावर जायला तयार नसते. दुसरीत ऑपरेटरला प्रवाशाशी देणंघेणं नाही, किलोमीटर मोजले गेले की झालं. मग उलट दुखणं: गाडी थांब्यावर न थांबता निघून जाते, कारण थांबण्याने वेळ जातो.

म्हणून किलोमीटरच्या करारात दंड नीट लिहावे लागतात, आणि ते यंत्राच्या नोंदीवर लागले पाहिजेत, तपासनिसाच्या मर्जीवर नाही. निदान चार गोष्टी: फेरी न होणं, टोकाहून वेळेआधी सुटणं, थांब्यावर न थांबणं, दार उघडं ठेवून चालवणं. वेळेआधी सुटण्याला उशिरा सुटण्यापेक्षा जास्त दंड हवा. उशिरा आलेली बस निदान मिळते; दोन मिनिटं आधी गेलेली मिळतच नाही. वाहतूककोंडीचा उशीर मात्र चालकाच्या माथी मारू नये. तो मारला की चालक सिग्नल तोडतात.

पीएम ई-बस सेवा ही 2023 ची केंद्राची योजना याच दुसऱ्या पद्धतीची आहे. केंद्राची मदत मोठ्या 12 मीटर बसला किलोमीटरमागे 24 रुपये, मध्यमला 22, लहानला 20, तीही 10 वर्षं. मध्य प्रदेशातल्या 6 शहरांसाठी 552 बस मंजूर झाल्या, त्यात इंदूरच्या 150. खर्चाचा उरलेला भाग भाडं, जाहिरात आणि शहराच्या तिजोरीतून यायचा आहे. तो महिन्याच्या महिन्याला मिळाला नाही की ऑपरेटर आधी सुटे भाग थांबवतो, मग पगार. पिटवाल्यांना हे बिल अडकल्याचं कार्यालयाच्या आधी कळतं.

पिटवाला

अगदी. आधी फिल्टर येणं थांबतं. मग एका गाडीचं सामान काढून दुसरीला लावणं सुरू होतं. एकदा ते सुरू झालं की दर महिन्याला एक गाडी कायमची जाते.

चार्जर_बे

ई-बसबद्दल दोन-तीन कामाच्या गोष्टी.

10 चार्जर 120 किलोवॉटचे एकदम चालले तर 1.2 मेगावॉट. ही साधी जोडणी नव्हे, उच्चदाबाची लाइन आणि स्वतःचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि ते काम गाड्या यायच्या आधी पूर्ण व्हायला हवं. 200 युनिटची बॅटरी 120 च्या चार्जरवर पावणेदोन ते दोन तास घेते, कारण शेवटच्या टप्प्यात वेग कमी करावा लागतो. दुपारी अकरा ते तीन या वेळेत आळीपाळीने 40-45 मिनिटं जोडलं तर संध्याकाळची गर्दी निभते.

लोह-फॉस्फेट बॅटरीत व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतं, त्यामुळे टक्क्यांचा अंदाज हळूहळू चुकत जातो. पडद्यावर 30 टक्के दिसतं आणि गाडी 20 ला असल्यासारखी वागते. आठवड्यातून एकदा पूर्ण 100 पर्यंत नेऊन तिथेच थोडा वेळ जोडलेली ठेवली की आकडा पुन्हा जुळतो आणि सेलही समान होतात. रोज 80 ला काढायची सवय लावलेल्या डेपोत ही एक पायरी विसरली जाते, मग "रेंज कमी झाली" अशी बोंब होते. मार्गावर पाठवताना परतीनंतर किमान 20-25 टक्के उरतील असाच हिशेब ठेवा. एसी आणि उघडझाप होणारी दारं मे महिन्यात बरंच खातात.

ब्रेक लायनिंग या गाड्यांत जास्त टिकतं, कारण वेग कमी करायचं काम बरंचसं मोटारच करते. टायर मात्र लवकर जातात, वजन आणि सुरुवातीची ओढ दोन्ही जास्त. खरेदीच्या यादीत याची तरतूद आधीच करा.

फुटपाथ

थांब्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, तर मी लिहिते. आपल्याकडे थांबा चौराह्याच्या अलीकडे टाकायची सवय आहे. तिथे उभी बस डावीकडे वळणाऱ्यांना अडवते, मागून हॉर्न वाजतात, चालक घाईने अर्धवट तिरका उभा राहून निघतो. आणि प्रवासी उतरले की सिग्नल नेमका लाल होतो, म्हणजे बस दोनदा थांबते. थांबा चौराहा ओलांडून 25-30 मीटर पुढे हवा: बस एकदाच थांबते आणि मागच्या सिग्नलमुळे निघायला मोकळी जागाही मिळते.

बस फुटपाथला समांतर लागायची असेल तर 12 मीटरच्या गाडीसाठी नुसते 12 मीटर पुरत नाहीत. पुढे-मागे मिळून आणखी तेवढीच जागा रिकामी हवी. तिथे दोन ई-रिक्षा उभ्या असल्या की बस दोन मीटर बाहेर थांबते. मग आजीला आधी रस्त्यावर उतरून मग गाडीत चढावं लागतं. लो-फ्लोअर गाडीची फरशी रस्त्यापासून 40 सेंटीमीटरवर, सेमी-लो 65 वर आणि जुन्या उंच गाडीची 90 वर. 15 सेंटीमीटरच्या फुटपाथवरून लो-फ्लोअर गाडीत चढायचं तर 25 ची एक पायरी. रस्त्यावरून तीच 40 ची होते. व्हीलचेअरचा रॅम्प फुटपाथवर टेकला तरच चढता येण्याजोगा उतार मिळतो. रस्त्यावर टेकवला तर एकट्या माणसाला ढकलता येत नाही. लो-फ्लोअर गाडीवर केलेला सगळा खर्च त्या दोन रिक्षांमुळे वाया जातो. थांब्याच्या मागे-पुढे जाड प्लॅस्टिकचे खांब ठोकणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

भंवरकुआं_ते_पलासिया

तक्रार केली तर काही होतं का? काय लिहायचं?

कंट्रोल_डेस्क

होतं, जर शोधता आली तर. गाडीचा नंबर (मागच्या काचेवर असतो), थांब्याचं नाव, दिशा, आणि मिनिटापर्यंत वेळ. "सकाळी बस थांबली नाही" यावर काही करता येत नाही. "9:42, गीता भवन, राजवाड्याकडे, अमुक नंबर" असं असेल तर नोंद काढून त्या जागी गाडीचा वेग शून्य झाला होता की नाही ते लगेच दिसतं. तिकीट असेल तर त्याचा फोटो, त्यावर वेळ आणि मशीन क्रमांक असतोच. त्याच दिवशी करा.

राजेंद्रनगरकर

रंगपंचमी आणि अनंत चतुर्दशीबद्दल कुणी सांगेल का? दरवर्षी घरातल्या मोठ्यांची पंचाईत होते.

शेड्यूलवाला

रंगपंचमीची गेर (रंग उधळणारी मिरवणूक) राजवाडा भागात सकाळी निघते, त्यामुळे सकाळपासून दुपार उलटेपर्यंत राजवाड्याला जाणारे मार्ग अलीकडेच तोडावे लागतात. गेर संपल्याबरोबर गाड्या आत सोडता येत नाहीत, आधी रस्ते धुतले जातात आणि ओल्या रंगावर टायर घसरतात. दोन तास हातचे धरा. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक) उलट संध्याकाळी निघून पहाटेपर्यंत चालतात, म्हणजे त्या दिवशीच्या शेवटच्या फेऱ्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या फेऱ्या दोन्ही अडकतात. शहाणपण यात आहे की पश्चिमेकडच्या पहिल्या फेरीच्या गाड्या आदल्या संध्याकाळीच त्या बाजूला नेऊन उभ्या कराव्यात, गॅस भरून, चालकांच्या झोपायच्या सोयीसह. प्रवाशांसाठी: त्या दिवशी मधल्या शहरातून बदलून जायचा बेत नको, बाहेरच्या रिंग रोडने जाणारी गाडी लांबून गेली तरी आधी पोचते.

पिटवाला

आणि गेरमधून आलेली गाडी धुताना रेडिएटरच्या जाळीत गुलाल राहू देऊ नका. ओला होऊन तो घट्ट बसतो, आणि उन्हाचे दिवस लगेच पुढे असतात. आतून बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा मारला तर पत्रे वाकतात.